मायग्रेन मानेत बसलेला नसतो, अन् 3 सेशनमध्ये मुळापासून जात पण नाही

आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज आठ दिवसात चौथ्यांदा आलाय. त्यात लिहिलंय की मायग्रेन म्हणजे मानेतली दबलेली नस, ऑस्टिओपॅथीच्या 3 सेशनमध्ये मुळापासून जातो, साइड इफेक्ट शून्य, अमेरिकेत डॉक्टरच हे करतात, तर गोळ्या आजपासून बंद करा. आमच्या वहिनींनी ते वाचून खरंच रोजची गोळी बंद केली अन् नंतर पाच दिवस खोलीत अंधार करून, डोक्याला ओढणी आवळून पडून होत्या, परभणीचा मे महिना, लाईट गेलेली, पाणी पण पोटात ठरंना. मला स्वतःला 14 वर्षांपासून हाच त्रास आहे म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहायलोय.

आधी एक सांगतो, मी ऑस्टिओपॅथीच्या विरोधात नाही. हातानं स्नायू, सांधे, मणका दाबून-ताणून मोकळे करायची ही पद्धत, 1874 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरनं मांडलेली. आखडलेली मान त्यानं सैल होते, बरं वाटतं, टेन्शनच्या डोकेदुखीत काही जणांना आराम पडतो. राग आहे तो "मुळापासून" अन् "गोळ्या बंद" या शब्दांवर.

"मायग्रेन म्हणजे मानेतली दबलेली नस."
नाही. मायग्रेन हा मेंदूचा अन् नसांचा आजार आहे, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला. अटॅकमध्ये चेहऱ्याची अन् कपाळाची ट्रायजेमिनल नस चेतते, सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, मग ठणका, मळमळ, उजेड सहन न होणं, अन् हे 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतं. मग मान का दुखते? कारण मानेतल्या वरच्या तीन नसा अन् कपाळाकडची ट्रायजेमिनल नस, दोन्हींच्या वायरी मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एका डीपीवर दोन शेतांच्या मोटारी असल्या की बिघाड एकीकडं अन् बंद दोन्हीकडच्या, तसंच समजा. माझं तर कायम असंच होतं, आदल्या दिवशी मान आखडते, जांभयावर जांभया येतात, उगं चिडचिड होते, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी डावा डोळा ठणकायला लागतो. मी कित्येक वर्षं समजत होतो की मानेमुळं डोकं दुखायलंय, पण ती मान म्हणजेच अटॅकची सुरुवात होती. खरंच मानेतून उठणारी डोकेदुखी पण असते, ती वेगळी, अन् ती कोणती हे तपासूनच कळतं.

काही ऑस्टिओपॅथीवाले तर कवटीची हाडं सरकलीत म्हणून डोक्याला हात लावून बसवतात. मोठ्या माणसाची कवटीची हाडं एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात, बोटानं हलत नसतात. ती हालचाल हाताला जाणवते म्हणणाऱ्यांची एकाच माणसावर परीक्षा घेतली तेव्हा दोघांचं मोजमाप जुळलं नाही.

"3 सेशनमध्ये फरक, लोकांचा अनुभव आहे."
अनुभव खोटा नाही, पण माणूस उपचाराला कधी जातो? त्रास कळसाला पोचल्यावर. मायग्रेन आपोआप चढतो-उतरतो, त्यामुळं नंतरचा महिना तसाही जरा बरा जातो. नॉर्वेत 104 मायग्रेनवाल्यांवर मणका बसवायच्या उपचाराचा अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला. तो कायरोप्रॅक्टिकचा होता, ऑस्टिओपॅथीची जवळची पद्धत. एका गटाला खरा उपचार, एकाला नुसतं खांद्याच्या फऱ्यावर वगैरे दाबल्यासारखं केलं, एक गट नेहमीच्या औषधावर. दुखायचे दिवस सगळ्यांचेच कमी झाले, अन् खऱ्या-खोट्या उपचारात म्हणावा असा फरक निघाला नाही. याच्या उलट, 2015 मध्ये इटलीत 105 क्रॉनिक (महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखणाऱ्या) मायग्रेनवाल्यांवर ऑस्टिओपॅथीचा अभ्यास झाला, त्यात चांगला फायदा दिसला, हे पण सांगायलाच पाहिजे. पण त्यात ऑस्टिओपॅथी औषधाच्या जोडीला होती! म्हणजे ज्या अभ्यासाचा निकाल इतका चांगला, त्यात पण गोळ्या चालूच होत्या.

"गोळ्यांनी किडनी जाते, बंद करा."
इथं अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. वहिनींच्या किराणावाल्याच्या कॅलेंडरवर मी पेनकिलरच्या फुल्या मोजल्या, एका महिन्यात 19. सगळ्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अन् मिक्स गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरची खास गोळी) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. ती कमी करायचीच, पण डॉक्टरला विचारून. मात्र वहिनींनी सोडली ती दुसरीच, अटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायची प्रोप्रानोलॉल. तिचा गुण यायलाच दोन-तीन महिने लागतात, अन् एकदम सोडली तर धडधड वाढते, बीपी चढू शकतं.

"साइड इफेक्ट शून्य."
हलक्या हातानं केलं तर एखादा दिवस अंग दुखतं, एवढंच. पण मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणं वेगळं. त्यात मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून तरण्याताठ्या माणसाला पॅरालिसिस झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. क्वचित होतं, पण होतं. अन् आपल्याकडं तर कटिंग झाली की सलूनमध्येच मान मोडून घेतात, ते बंद करा राव, मी पण केलंय.

"अमेरिकेत डॉक्टरच करतात."
बरोबर, तिथला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची डिग्री घेतलेला, पूर्ण डॉक्टर असतो, मेडिकल शिकलेला, मायग्रेनच्या गोळ्या पण लिहून देतो. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो, पण कायद्यानं नोंदणी लागते. इथं बोर्ड बघून खुर्चीत बसायच्या आधी शिक्षण काय, कुठून, एवढं तरी विचारा. अन् जो पहिल्याच भेटीत गोळ्या सोडा म्हणेल त्याच्याकडून उठून या.

मेसेजच्या शेवटी "डोकेदुखीला डॉक्टरची गरजच नाही" असं पण आहे. आयुष्यात कधी झाली नाही अशी कळ एका मिनिटात आली, ताप अन् मान ताठ झाली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागल्यावर दुखायलंय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं धरलं, तर सेशन बुक करू नका. गाडी काढा अन् जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, संभाजीनगरच्या बाजूचे असाल तर थेट घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात.