मान वाकवून पाहिली नाही, ती का: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. मान नीट धरून तपासली नाही, वेदनेच्या गोळीवर भागलं असतं तिथे तुमच्या कुत्र्याच्या पिल्लाला स्प्लिंटमध्ये (मान हलू न देणाऱ्या कडक आधारपट्टीत) गुंडाळून पिंजऱ्यात बसवलं, आणि शेवटी ऑपरेशनसाठी दुसरीकडे पाठवून हात झटकले, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला तसं बघताना तुमचा जीव तुटत होता, हे दिसत होतं. म्हणूनच सविस्तर लिहिते.

मान वाकवली नाही, ती मुद्दाम. वर्षाच्या आतलं, छोट्या जातीचं पिल्लू उचललं की किंचाळतं, मान खाली धरून चालतं, पाय अडखळतात; हे सगळं एकत्र दिसलं की संशय मानेच्या वरच्या दोन मणक्यांवर जातो. या दोघांमध्ये गादी नसते. दुसऱ्या मणक्याची हाडाची खुंटी पहिल्यात बसते आणि स्नायुबंध तिला जागेवर धरतात. यॉर्कशायर टेरियर, चिवावा, पोमेरेनियन, टॉय पूडल अशा जातींत काही पिल्लांची ही खुंटी जन्मतःच आखूड असते किंवा नसतेच. मग सोफ्यावरून मारलेली साधी उडीही पुरते. मान खाली वाकली की दुसरा मणका वर सरकून मज्जारज्जू दाबतो. चारही पाय लुळे पडू शकतात, श्वास थांबू शकतो. अशी मान ‘वाकवून बघू’ म्हणणं मला मान्य नाही.

टेबलावर त्याचा पंजा उलटा टेकवला आणि तो सरळ करायला त्याला वेळ लागला, ते तुम्हीही पाहिलंत. मानेत मज्जारज्जू दबला की पायांपर्यंतचे संदेश मंदावतात, म्हणून ती मानेचीच तपासणी होती. नंतर कुशीवर झोपवून, मान न ताणता काढलेल्या एक्स-रेत दोन मणक्यांमधली वाढलेली फट दिसली, तिथेच थांबलो. भूल दिली की मानेला सावरून धरणारे स्नायू सैल पडतात, म्हणून सीटी आणि एमआरआय ऑपरेशनची तयारी असेल तिथेच व्हावेत असं सांगितलं. हाड सीटीत नीट दिसतं, मज्जारज्जू एमआरआयमध्ये. काही छोट्या कुत्र्यांच्या मेंदूत पाणीही साठलेलं असतं, ते आधी कळलेलं बरं.

वेदनेचं औषध त्याला चालू आहेच. पण नुसतं तेच दिलं तर दुखणं कमी होतं आणि पिल्लू उड्या मारू लागतं. भीती त्याचीच आहे. ओळखीच्यांनी सुचवलेलं स्टेरॉइड तर या औषधासोबत अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होऊन आतडं फाटू शकतं.

स्प्लिंट जबड्यापासून छातीपर्यंत घेतली, कारण डोकं हलत राहिलं तर तिचा उपयोग नाही. ती बरेच आठवडे ठेवावी लागते. खाली त्वचा ओली राहून जखमा होतात, कान चिघळतात, घास चुकीच्या नळीत जाऊ शकतो. वारंवार बोलावतो ते एवढ्याचसाठी. काही पिल्लं यावर सुधारतात. पण खुंटीच नसेल तर सगळी भिस्त जखम भरताना तिथे तयार झालेल्या तंतूंवर असते, आणि मान पुन्हा सरकू शकते.

म्हणून ऑपरेशनचं मत घ्यायला सांगितलं. गळ्याच्या बाजूने जाऊन इवल्याशा हाडांत स्क्रू बसवायचे, बहुधा बोन सिमेंटने पक्के करायचे. चांगल्या हातांतही जीवाचा धोका उरतो, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही आणि हे ऑपरेशन आम्ही करत नाही. जे नेहमी करतात त्यांच्याकडे पाठवणं हाच इथला योग्य उपचार होता.

स्प्लिंट घरी स्वतः उघडू नका. ओली झाली, वास आला किंवा सरकली तर लगेच घेऊन या. पुढेही गळपट्टा नको, हार्नेसच घाला. पाय अचानक लुळे पडले किंवा श्वास उथळ झाला तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. डोकं, मान आणि छाती एका रेषेत आधार देऊन त्याला सपाट फळीवर ठेवा आणि थेट त्या सर्जनकडे न्या. एक्स-रे त्यांना पाठवलेले आहेत.