पालखीचा मान आणि अमानित्व

फाल्गुन लागला की कोकणातल्या गावांत देवीची रुपे, म्हणजे मुखवटे, पालखीत लागतात आणि शिमगा संपेपर्यंत प्रत्येक बोलण्यात एक शब्द येत राहतो, तो म्हणजे मान. होम कोणी पेटवायचा, देवीपुढे गावाच्या प्रार्थनेचे गाऱ्हाणे कोणी घालायचे, पालखीला पहिला खांदा कोणत्या घराने द्यायचा, पालखी बसते त्या सहाणेवर पहिला नारळ कोणाचा, हे सारे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. मुळात ही कामांची वाटणी असावी असे मला वाटते, कारण ज्याच्याकडे मान त्याच्याकडेच त्या कामाचा भार आणि खर्च येतो. पुढे भार विसरला जातो आणि मान तेवढा लक्षात राहतो. मानपानाच्या वादातून पालखी देवळाबाहेर निघालीच नाही, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, अशी गावे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. असा एक वाद मी स्वतः घातलेला आहे, म्हणून हे लिहीत आहे.

वडील गेले त्यानंतरचा तो पहिलाच शिमगा होता आणि आमच्या घराचा पहिला खांदा माझ्याकडे आला होता. मी मुंबईहून निघालो, गाडीला उशीर झाला, आणि मी गावात पोहोचलो तेव्हा पालखी देवळातून निघून वाडीच्या वळणापर्यंत आली होती. पुढच्या दांड्याला भावकीतला एक चुलतभाऊ होता. कोणीतरी खांदा द्यायलाच हवा होता, त्याने तो दिला, यात त्याचे काहीही चुकले नव्हते. तरीही मी वाटेत उभा राहून पालखी अडवली आणि वडिलांचे नाव घेऊन, आजोबांचे नाव घेऊन, घराण्याचा इतिहास सांगून अर्धा तास भांडलो. पालखी जमिनीला टेकवायची नसते, त्यामुळे तो सगळा वेळ ती माणसे भर उन्हात दांडा खांद्यावर घेऊन उभी होती. मागच्या दांड्याला सत्तरी ओलांडलेले माझे चुलते होते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते एक शब्दही बोलले नाहीत.

रात्री पडवीत बसलो असताना त्यांनी मला जवळ बोलावले. रागावले नाहीत. एवढेच विचारले, “तू भांडत होतास तेव्हा पालखीतल्या देवीकडे एकदा तरी बघितलंस काय रे?”

मी बघितले नव्हते. अर्ध्या तासात एकदाही नाही. ज्या देवीच्या सेवेचा हक्क मागण्यासाठी मी एवढा तावातावाने बोललो, ती हाताच्या अंतरावर होती आणि माझी नजर पूर्ण वेळ चुलतभावाच्या खांद्यावर खिळलेली होती. त्या एका प्रश्नाने मला माझ्याविषयी जे कळले, ते त्यापूर्वी ऐकलेल्या अनेक प्रवचनांनी कळले नव्हते, कारण प्रवचन ऐकताना मी नेहमी इतरांचा अहंकार आठवत असे.

आप्पा महिन्यातून एकदा पावसला जात. पुढे मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. रत्नागिरीच्या दक्षिणेला, भाट्याची खाडी ओलांडून गेल्यावर लागणारे हे गाव स्वामी स्वरूपानंदांचे. १९०३ साली त्यांचा जन्म तिथलाच. तरुणपणी ते स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, त्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात राहिले, पुढे जिवावरच्या दुखण्यातून उठले आणि त्यानंतर १९७४ साली देह ठेवेपर्यंत सुमारे चाळीस वर्षे पावसलाच देसाई कुटुंबाच्या घरातल्या एका खोलीत राहिले. लोक त्यांच्याकडे आले, ते कोणाकडे गेले नाहीत. ती खोली पाहताना मला चमत्कारांच्या कथांपेक्षा तिचा लहानसा आकार जास्त बोलका वाटतो.

त्यांची साधना सोऽहम् ची होती. श्वास आत घेताना ‘सो’ आणि बाहेर सोडताना ‘हम्’, एवढ्यावर लक्ष ठेवायचे. आपल्या परंपरेने अहोरात्रीचे श्वास २१,६०० मानले आहेत, म्हणजे मिनिटाला १५. स्वस्थ बसून ते पाहू लागले की ध्यानात येते की त्यांतला बहुतेक एकही श्वास आपण घेतलेला नाही, तो आपोआप घेतला गेला आहे. ज्या श्वासावर सगळे जगणे उभे आहे तोच जर माझ्या कर्तृत्वाचा नसेल, तर खांद्याच्या मानाचा हिशेब मी कोणत्या आधारावर मांडत होतो? विनय अंगी बाणवावा लागतो असे म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. स्वतःकडे नीट पाहिले की ताठपणाला टेकायला जागाच उरत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची वीस लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांत पहिले आहे अमानित्व, म्हणजे मानाची अपेक्षा नसणे. पाठांतर किंवा विद्वत्ता त्या यादीत कुठेच नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या थोड्या श्लोकांवर माउलींनी शेकडो ओव्या खर्ची घातल्या आणि ज्याला कोणी ओळखू नये, सन्मानू नये असेच मनापासून वाटते, असा पुरुष उभा केला. मी त्या अवस्थेच्या जवळपासही नाही. लग्नपत्रिकेत नाव कोणानंतर छापले आहे, कार्यक्रमात नारळ आधी कोणाच्या हातात दिला, याकडे अजूनही माझे लक्ष जाते. फरक एवढाच पडला आहे की लक्ष गेल्याचे आता मला कळते, आणि कळले की तो विचार फार वेळ टिकत नाही. ‘मी कोण बापडा’ असे चारचौघांत म्हणणे मी मात्र सोडून दिले आहे. ते म्हणताना समोरच्याने ‘छे छे, तुम्ही थोर’ म्हणावे अशी वाट मी पाहत असतो, हे मला दिसले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. लहान व्हा, नम्र व्हा, हा उपदेश ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या मान आहे त्यांनी स्वतःला करावा. ज्यांना गावाने देवळाच्या पायरीपलीकडे येऊ दिले नाही, त्यांना तो करण्याचा अधिकार आमच्यासारख्या मानकऱ्यांना नाही. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी खुले झाले. त्या काळी ज्यांनी आपला मान बाजूला ठेवून शेजारच्या माणसाबरोबर गाभाऱ्यापर्यंत पाऊल टाकले, त्यांनी अमानित्व प्रत्यक्ष आचरले असे मी मानतो. स्वतःचे हक्क मागणे हा अहंकार नव्हे. दुसऱ्याला दूर ठेवून आपण मोठे राहणे हा आहे.

आप्पा जाऊन आता काही वर्षे झाली. भावकीशी बोलून आमच्या घराचा पहिला खांदा आम्ही पाळीपाळीने ठेवला आहे आणि मी मागच्या दांड्याला, आप्पा उभे राहत त्या बाजूला उभा राहतो. यंदा होमाच्या दुसऱ्या दिवशी गुरवांनी गाऱ्हाणे घातले, सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटले, ढोल वाजला आणि पालखी उचलली गेली. माझी नजर आधी पुढच्या दांड्याकडेच गेली, आणि मग देवीकडे वळली.