सीटखालच्या रॉडबद्दल, सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

रात्री रस्त्यात कोणी गाडी अडवली तर "काचा वर, लॉक लावा, निघून जा" हा माझा सल्ला तुम्हाला भेकडपणाचा वाटला. सेकंड शिफ्ट सुटली की नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीहून रात्री गाडीनं एकटे परतता, सीटखाली लोखंडी रॉड ठेवता, आता पिस्तुलाचं लायसन्सही काढायचं म्हणता. वर विचारता, "स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानंच दिला, मग भ्यायचं काहून?" प्रश्न रास्त आहे. रॉड मात्र मला पटत नाही.

हक्क आहेच. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 त्यावरच आहेत. पण त्यातलं 37 वाचा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजाही करता येत नाही. छत्रपती चौकात कोणी कट मारली, तुम्ही पाठलाग करून त्याला गाडी आडवी लावली आणि रॉड घेऊन उतरलात, तर बचाव नेमका कोण करत होतं हे ठाण्यात समजावून सांगा बरं!

आता तो रॉड चालवायचा कसा तेही बघू. तुम्ही बेल्ट लावून बसलेले, समोर स्टिअरिंग, डोक्यावर वीतभर अंतरावर छत. आत फिरवायला जागाच नाही. म्हणजे आधी वाकून सीटखाली चाचपायचं, तेवढा वेळ बाहेरच्या माणसावरची नजर गेली. मग बेल्ट सोडायचा, मग लॉक, मग दार. चालू इंजिनची, चारही दारं बंद असलेली गाडी आपल्याच हातानं उघडून, दोन फुटांचं लोखंड घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. समोर तिघे असले तर? माझी खरी हरकत हीच आहे. सीटखाली रॉड आहे म्हणून माणूस थांबतो, नसता तर गिअर टाकून निघाला असता.

निघायला जागा मात्र हवी. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतक्या अंतरावर थांबा, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूनं काढता येते. "ऑईल गळतंय", "टायर बसला" असं कोणी बाइकवरून ओरडलं तर तिथे उतरू नका, पुढच्या पंपावर उजेडात बघा. कोणी मागेच लागलं असेल तर घराकडे वळायचं नाही, 112 लावायचा आणि ठाणं गाठायचं. तुमच्याच गाडीचा धक्का कोणाला लागला तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जखमीला उपचार मिळवून द्यायला सांगतं. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट त्यातच दिली आहे, पण मदत का करता आली नाही हे जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, सांगावंच लागतं.

"नऊ इंचांच्या आतला चाकू चालतो" हे तुमचं वाक्य अर्धंच बरोबर आहे. तो आकडा शस्त्र नियमांतला. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात, त्यात चाकू, लाठ्या, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. तुमचा रॉडही त्यातच. आदेश लागू असताना नाक्यावर सापडलात तर इंच मोजायला कोणी पट्टी आणत नाही.

पिस्तुलाचं थोडक्यात सांगतो. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि नुसती रात्रपाळी हे कारण पुरेल असं मला वाटत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं लायसन्सची मुदत 5 वर्षं झाली. त्याच दुरुस्तीनं विनापरवाना कट्ट्याची (गावठी पिस्तुलाची) शिक्षा किमान 2 आणि कमाल 5 वर्षं झाली, तेव्हा "ओळखीतून मिळतो" हा विषय इथे नको. आणि लायसन्स मिळालंच, तर कंपनीत आठ तास ते पिस्तूल कुठे राहणार? डॅशबोर्डमध्ये? गाडीची काच फोडणाऱ्याला बाप्पा पावला म्हणायचा.

वहिनींच्या पेपर स्प्रेबद्दल, म्हणजे डोळ्यांवर मारायच्या तिखट फवाऱ्याबद्दल, विचारलंत. त्याला लायसन्स लागत नाही, जरूर द्या. फक्त भांडणात वापरायची वस्तू नाही ती. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात त्याला घातक शस्त्र म्हटलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. आणि तो स्कूटीच्या डिक्कीत नको. गाडीवर असताना डिक्की उघडणार कधी? शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीत त्याहून किती तरी जास्त. दाबाखालचा डबा आहे तो. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, हाताला लागेल असा ठेवायला सांगा, आणि मुदतीची तारीखही बघून घ्या.