फोडणीबंदी

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात दोन गोष्टींचा हंगाम असतो, द्राक्षांचा आणि कांजिण्यांचा. द्राक्षं निदान विकत घ्यावी लागतात.

आमच्या चिरंजीवांना बारीक ताप आला, जेवण नको झालं आणि छातीपाठीवर लाल पुरळ उठलं. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत निदानाला डॉक्टर लागत नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, उष्णता. काकूंच्या मते सगळीच उष्णता असते. खालच्या भाऊंना डासांचा संशय आला. त्यांचा तसा डासांवर आणि वॉचमनवर कायमच संशय असतो. आई मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत काही बोलली नाही. मग तिने शर्ट वर करून पाठ पाहिली, पोट पाहिलं, केस बाजूला सारून टाळूही पाहिली. "लाल ठिपके, पाण्याचे फोड, धरलेली खपली, सगळं एकदमच आहे. कांजिण्या! देवी असत्या तर सगळे फोड एकाच वयाचे दिसले असते." भारतातून देवी १९७५ सालीच गेल्या, पण आईने त्यांना अजून यादीतून काढलेलं नाही.

डॉक्टरांना आधी फोन केला, म्हणून त्यांनी बाकीच्या पोरांमध्ये न बसवता मागच्या दाराने आत घेतलं. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात नाही, आयबुप्रोफेनही नको. खाजेला कॅलामाइन. नखं कापा. श्वास लागला, पोर गुंगीत राहिलं किंवा एखादा फोड लाल होऊन पिकला, तर लगेच घेऊन या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा बंद. एवढ्या सूचनांतली शेवटचीच चिरंजीवांच्या कानात शिरली.

डॉक्टरी पुस्तकांत या फोडाला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, तेव्हा आजार गावाला शोभणाराच. पण ही उपमा ज्याला सुचली, त्याने रात्री दोन वाजता पोराचे दोन्ही हात धरून बसून दाखवावं. नखं कापली तर पठ्ठ्या कपाटाच्या कोपऱ्यावर पाठ घासायला लागला. हातांत मोजे घातले, ते दातांनी काढले. "बाबा, एकच खाजवतो ना, अगदी छोटावाला," हा सौदा रात्रभर चालायचा. सकाळी सोफा, रिमोट आणि माझ्या ऑफिसच्या शर्टावर कॅलामाइनचे गुलाबी पंजे.

अंघोळीवरून तर घरात दोन पक्षच पडले. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्याने, न घासता. आई म्हणाली, खपल्या पडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. शेवटी पाणी डॉक्टरांचं आणि त्यातला कडुलिंबाचा पाला आईचा, यावर तह झाला. शेजारच्या सुनेला दिवस गेलेले, तिला मात्र दोन्ही पक्षांनी एकमुखाने दारातूनच परत पाठवलं.

मग आईने फोडणी बंद केली. पोराच्या तोंडातही फोड आले होते, त्याला मऊ भात नि गार ताक बरंच वाटत होतं. पण माझ्या तोंडाने काय घोडं मारलं होतं? नाशिकमध्ये रविवार, आणि घरात बिनफोडणीचं वरण! गुपचूप बाहेर जाऊन मिसळ खाऊन आलो, तर आई दारातच उभी. "तर्रीचा वास येतोय." कांजिण्या दोन आठवडे अंगात राहून कुणाला पत्ता लागू देत नाहीत, मिसळ दोन मिनिटं लपत नाही.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "तुम्हाला लहानपणी झाल्या होत्या का? मोठ्यांना जास्त त्रास होतो. झाल्या नसतील तर लसीचं आजच बघू, तीन ते पाच दिवसांच्या आतच तिचा उपयोग." बायकोच्या कपाळावर पुरावा आहेच. मी आईकडे वळलो. जिला देवी आणि कांजिण्यांच्या फोडांमधला फरक पाठ, तिला हे विचारायला हरकत नव्हती.

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हा दोघा भावांतल्या एकाला कांजिण्या झाल्या होत्या, एकाला गोवर," ती म्हणाली. "आता त्यातला तू कोणता, ते बाई आठवत नाही."