एसडब्ल्यूआर १:१ आला म्हणजे अँटेना पास? नाही भाऊ

शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या सगळीकडे फिरून राहिला. त्यात लिहिलंय की सीबी सेटचा (२७ मेगाहर्ट्झवर बोलायचा छोटा रेडिओ) एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते दाखवणारा मीटरवरचा आकडा, १:१ आला की अँटेना पास, नाही आला तर केबल मोजून १८ फूट कापा, चॅनल १९ वर 'हॅलो हॅलो' म्हणत मीटर पाहा, अन् १.५ च्या वर गेला की सेट जळालाच समजा. मेळघाटाकडच्या ज्या शेतांत मोबाईलला रेंज नाही तिथं रात्री जागलीवर असलेल्या माणसाला घरी दोन शब्द बोलायला हाच सेट कामी येतो, म्हणून हे खोडून काढणं मले गरजेचं वाटते.

आधी १:१ चं पाहू, कारण सगळा घोळ इथंच आहे. मीटर एवढंच सांगतो की पाठवलेल्या पॉवरमधली परत किती आली. परत नाही आली म्हणजे हवेत गेली असं थोडीच आहे, वाटेत गरम होऊनही ती संपते. सेट अन् केबल ५० ओहमसाठी बनलेले असतात, म्हणून अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (पॉवर नुसती गरम करून संपवणारा रेझिस्टर) लावा, मीटर एकदम १:१ दाखवेल अन् आवाज बाजूच्या धुऱ्यापर्यंतही नीट पोचणार नाही. आता आपल्याकडं लोक करतात तसा पाव वेव्हचा (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढा), म्हणजे साधारण २.६ मीटरचा पाइप बुडाशी इन्सुलेटर देऊन जमिनीवर उभा करा. खाली भरपूर रेडियल तारा (बुडापासून चारी बाजूंना जाणाऱ्या) पसरल्या तर तो ३६ ओहमच्या आसपास येतो अन् मीटर १.४ दाखवतो. रेडियल न टाकता नुसता एक रॉड काळ्या मातीत ठोकून त्याला अर्थिंग जोडलं अन् जमिनीचा लॉस समजा १४ ओहम निघाला, तर ३६ अन् १४ मिळून झाले ५०, मीटर म्हणतो १:१, लोक खूश! पण पॉवरमधले २८ टक्के मातीत गेले ना राजेहो. म्हणजे १.४ वाला अँटेना चांगला अन् १:१ वाला कमजोर, मेसेजच्या बरोबर उलटं.

केबलही असंच फसवते. ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल घेतली तर २७ मेगाहर्ट्झवर एका फेरीत २ डीबीच्या वर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पॉवरचा लॉस धरा. जाताना तेवढा अन् परत येताना तेवढा, म्हणून वर अँटेनापाशी ३ असला तरी खाली सेटपाशी मीटर २ च्याही खाली दाखवतो. पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी शिरलं तर लॉस आणखी वाढतो अन् आकडा आणखी 'सुधारतो'. दिवाळीनंतर एसडब्ल्यूआर आपोआप कमी झाला म्हणून आनंदून जाऊ नका, आधी वरचा कनेक्टर खोलून पाहा, आतली जाळी हिरवी-काळी पडली असेल तर केबल गेली. खरा आकडा पाहिजे असेल तर मीटर अँटेनाच्या बुडाशी लावून मोजा.

१८ फुटांचं म्हणाल तर ते हवेतल्या अर्ध्या वेव्हचं माप आहे. केबलमध्ये लहर हळू चालते, साध्या आरजी-५८ मध्ये हवेच्या ६६ टक्के वेगानं, त्यामुळे तिथं अर्धी वेव्ह होते जवळपास १२ फुटांची, १८ फूट म्हणजे पाऊण वेव्ह होऊन जाते. अन् मुळात केबलची लांबी बदलून अँटेनाचा एसडब्ल्यूआर सुधरत नाही. दोन-चार फूट कापल्यावर आकडा उडत असेल तर समजा केबलची जाळीच अँटेनासारखी काम करून राहिली. ग्राउंड प्लेन (खालच्या रेडियल तारा) नीट करा, अँटेनापाशी केबलचे वेटोळे करून जाळीवरचा करंट अडवणारा चोक बनवा, चांगल्या केबलीवर कात्री चालवू नका.

मोजताना बोलू तर अजिबात नका. सेट एएम मोडवर ठेवा, मीटर एफडब्ल्यूडी (जाणारी पॉवर) वर, माइक दाबून गप्प राहा, मीटरवर 'सेट' लिहिलेल्या रेघेवर काटा आणा, मग आरईएफ (परत येणारी पॉवर) वर टाकून वाचा. तोंडानं हॅलो म्हटलं की पॉवर खालीवर होते अन् काटा नाचतो, वाचणार काय? चॅनल बदलला की रेघेवर पुन्हा आणा, हे लोक हमखास विसरतात. टिनाच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरला टेकून उभं राहूनही मोजू नका, लोखंड अन् माणूस दोन्ही आकडा बिघडवतात.

अन् एकट्या १९ वर मोजून कळणार काय? खालचा अन् वरचा चॅनल दोन्ही पाहा. खालच्यावर आकडा जास्त तर अँटेना आखूड आहे, लांब करा, वरच्यावर जास्त तर उलटं. फक्त वरचा म्हणून सेटवरच्या शेवटच्या ४० नंबरच्या चॅनलवर माइक दाबू नका. आपल्या देशात लायसन्सशिवाय मोकळा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आहे, तोही ५ वॅटपर्यंत. चॅनल २७ पडतो २७.२७५ वर अन् २८ पडतो २७.२८५ वर, म्हणजे २८ पासून तुम्ही पट्ट्याच्या बाहेर. १, १४ अन् २७ वर मोजा, पुरे.

सेट जळण्याचं राहिलं. १.५ वर परत येते ४ टक्के, सेट ४ वॅटचा असेल तर ०.१६ वॅट. २ वर ११ टक्के. यानं सेट जळत नाही. ३ ला २५ टक्के परत येतात, तिथून पुढं मात्र माइक दाबून बसू नका, आधी सोल्डर अन् अर्थ तपासा. १.५ चा १.२ करण्यासाठी ४५ डिग्रीच्या उन्हात टिनावर चढायची काहीच गरज नाही, ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळणार पण नाही.