अपडेट करा म्हणे!

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान. कॉम्प्युटर विंडोज ७ वर चालतो. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या छापतो, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतो, कुणाची तक्रार नाही. पण बँकेची साइट उघडली की रोज तेच, 'ब्राउझर अपडेट करा'. अरे, करू कुठनं? विंडोज ७ साठी क्रोम ब्राउझरचं १०९ हेच शेवटचं व्हर्जन! विंडोज ७ चे फुकटचे सिक्युरिटी अपडेटही जानेवारी २०२० लाच संपले, धोका आहे, मान्य. पोरगं म्हणतं, "पप्पा, नवा घ्या." घेतो रे! पण त्यावर हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालणार नाही, प्रिंटरची वायरही बसणार नाही. आमची तिजोरी आजोबांपासून एकाच किल्लीनं उघडते, ती नाही मागत अपडेट. तोवर बँकेचं काम पोराच्या मोबाइलवर. ओटीपी येतो माझ्याकडं, अन् पोरगं कॉलेजात!