अर्धी आयत पाठवणाऱ्यांसाठी

आज सकाळी ग्रुपवर पुन्हा तेच चित्र आलं. हिरवी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, वर ‘कुराण ५:२१’ आणि खाली, “माझ्या लोकांनो, अल्लाहने तुमच्यासाठी लिहून ठेवलेल्या पवित्र भूमीत प्रवेश करा.” पाठवणाऱ्याची टीप: ‘त्यांच्याच ग्रंथात आहे, भूमी इस्रायलची, विषय संपला.’ त्यावर दुसऱ्याचं तत्काळ उत्तर: ‘कुराणात असलं काही नाहीच, बनावट आहे.’ दोघेही चांगले शिकलेले. पान उघडायचे कष्ट दोघांनीही घेतलेले नाहीत.

बनावट नाही, हे आधी मिटवू. ५:२१ म्हणजे पाचवी सूरा (अध्याय), नाव माइदा, आणि तिची २१ वी आयत (वचन). बोलतोय मूसा, म्हणजे मोशे. ऐकतायत मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून सुटून आलेले बनी इस्राईल, यहुद्यांचे पूर्वज. ही भूमी नेमकी कुठली यावर जुन्या भाष्यकारांनी भरपूर खल केलाय. कुणी तूर (सिनाई) पर्वताचा परिसर म्हणतं, कुणी शाम म्हणजे सीरियाचा प्रदेश, कुणी अरीहा म्हणजे यरीहो. ९२३ साली बगदादमध्ये वारलेला तबरी सगळी मतं मांडून म्हणतो, फुरात (युफ्रेटिस) नदी आणि मिसरचं अरीश यांच्या बाहेर ती जात नाही. मौलाना मौदूदी, जन्म आपल्या औरंगाबादचा, १९०३ चा, इस्रायलचे कडवे विरोधक. तेही भाष्यात सरळ फिलिस्तीन म्हणतात. तेव्हा ‘नाहीच’ म्हणणाऱ्या मित्रा, तू आधी गप्प बस.

आता चित्र पाठवणाऱ्याकडे वळतो, कारण खरा राग तिथे आहे. त्या चित्रात वाक्य अर्ध्यावर छाटलंय. त्याच आयतीत पुढे आहे, “आणि पाठ फिरवू नका, नाहीतर तोट्यात जाल.” म्हणजे आदेश आहे आणि त्याला जोडून तंबी आहे. पुढच्या पाच आयतींत काय होतं? लोक म्हणतात, तिथे दांडगे लोक आहेत, ते निघाल्याशिवाय आम्ही जाणार नाही. दोघेजण धीर देतात की दरवाज्यातून आत तर शिरा. लोकांचं उत्तर: तू आणि तुझा देव जाऊन लढा, आम्ही इथेच बसतो. आणि २६ व्या आयतीत निकाल लागतो: ती भूमी यांना ४० वर्षं हराम, भटकत राहतील. ‘विषय संपला’ म्हणता ना, तो पाच आयतींत उलटा फिरला!

हीच कथा यहुद्यांच्या तोरातमध्ये आहे. ‘गणना’ या पुस्तकाचे अध्याय १३ आणि १४ काढा. बारा हेर, त्यातले यहोशवा आणि कालेब हे दोघे धीर देणारे. मुस्लिम भाष्यकारांनीही त्या दोघांची हीच नावं दिली आहेत, यूशा आणि कालिब. त्यामुळे ‘त्यांच्याच ग्रंथात’ वगैरे आव आणायचं कारण नाही. ग्रंथ दोन, प्रसंग एकच.

‘लिहून ठेवली’ आणि लगेच ‘हराम’, हे कसं? तुमच्या-माझ्या आधी आठशे वर्षं भाष्यकार फख्रुद्दीन राझीने हा प्रश्न विचारलाय आणि एका दमात चार उत्तरं दिली आहेत. देणगी दिली होती, ती अवज्ञेमुळे काढून घेतली. किंवा शब्द सगळ्यांना उद्देशून, पण हेतू काहींपुरता. किंवा वचन आज्ञापालनाच्या अटीवर. किंवा बंदी फक्त ४० वर्षांची, त्यानंतर लिहिलेलं खरं झालं. दुसरा जुना भाष्यकार इब्न कसीर तर म्हणतो, तुमच्यातल्या श्रद्धावानांचा वारसा म्हणून वचन दिलं. यातलं एकही उत्तर १९४८ च्या इस्रायल-स्थापनेसाठी लिहिलेलं नाही. आणि सकाळच्या चित्राला यातलं एकही माहीत नाही. कुराणातून सातबारा काढायला निघालेत सगळे.

बरं, मान्य करतो, ७:१३७ आणि २६:५९ मध्ये वारसा दिल्याचं थेट म्हटलंय आणि तिथे ४० वर्षांची बंदी नाही. आहे तसं आहे.

पडताळायचं असेल तर पद्धत अवघड नाही. आधी सूरेचं नाव बघा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. काही जुन्या आवृत्त्यांत क्रमांक एकदोनाने पुढेमागे होतात आणि मग ‘सापडली नाही, म्हणजे बनावट’ असा साक्षात्कार होतो. आधीच्या पाच, नंतरच्या पाच आयती वाचा. कोण कुणाला बोलतंय ते ठरवा. मग निदान दोन भाष्यं, एक जुनं, एक नवं. सगळ्यात जास्त घोळ १७:१०४ मध्ये होतो. फिरऔन, म्हणजे मिसरचा राजा, बुडाल्यावर बनी इस्राईलना सांगितलंय की भूमीत राहा, आणि अखेरचं वचन आलं की तुम्हाला सगळ्यांना एकत्र आणू. अलीकडचे काहीजण यात थेट आजचं इस्रायल वाचतात. जुने भाष्यकार बहुतेक कयामत वाचतात. त्याच सूरेच्या ४ ते ८ मध्ये दोनदा उत्पात आणि दोनदा शिक्षा आहे, तीही कुणी बाबिलचा राजा बुख्तनस्सर याला लावतं, कुणी रोमनांना, तर कुणी म्हणतं दुसरी अजून यायचीय. सोयीने.

उलट बाजूलाही सोडत नाही. १९८८ च्या हमासच्या सनदेत कलम ११ म्हणतं, फिलिस्तीनची जमीन कयामतीपर्यंत मुसलमानांचा वक्फ, म्हणजे धर्मासाठी राखून ठेवलेली मालमत्ता आहे. आधार कुठला? खलीफा उमरने इराक-शामच्या जिंकलेल्या जमिनी सैनिकांत वाटल्या नाहीत, तो निर्णय. तो महसुली निर्णय होता, आयत नव्हे. ‘पवित्र भूमी’ हा शब्दप्रयोग कुराणात एकदाच येतो, तोही याच ५:२१ मध्ये आणि बनी इस्राईलला उद्देशून. हे कुणी चित्रावर छापत नाही.

आणि खरं सांगू, लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण आपले कोकणातले यहुदी, बेने इस्राईल, आठवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. १९४८ नंतर ते गेले ते स्वतःच्या प्रार्थनेतल्या यरुशलेमसाठी आणि पोटासाठी. कुराणात काय आहे हे त्यांना कुणी विचारलं नाही. आणि पूर्वजांच्या भूमीत पोचल्यावर तिथल्या मुख्य रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) कार्यालयानेच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आदेश काढला, की इतर यहुद्यांशी लग्न करायचं तर आधी यांच्या पूर्वजांची चौकशी करा! मराठी बोलणाऱ्या माणसांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये सरकारने ते पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर केलं. त्याच देशात ज्या फिलिस्तिनींची घरं १९४८ ला गेली त्यांच्या किल्ल्या अजून निर्वासितांच्या घरात आहेत. यातल्या कुणालाही ५:२१ चा उपयोग झाला नाही.

कमेंटमध्ये आता ५:५१ आणि ९:२९ या यहुदी-ख्रिश्चनांविषयीच्या आयती येणार, माहीत आहे. आणा. पण सूरेच्या नावासह, मागच्या-पुढच्या आयतींसह आणा, आणि कृपा करून फोटो नको, टाईप करा, म्हणजे शोधता तरी येतं.